मामी म्हणतील तिथे थांबणारी गाडी

माझ्या बायकोच्या मामांइतका न थांबणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही, आणि सबंध नेदरलँड्समध्ये तो सापडेल असंही मला वाटत नाही. या देशात वारा सगळ्यांत हट्टी समजला जातो, पण तोसुद्धा संध्याकाळी जरा पडतो. मामा पडत नसत. आइंडहोवनला लागून बेस्ट नावाचं गाव आहे, तिथे ते तीसेक वर्षं राहिले. एका मोठ्या कारखान्यात मापं तपासायच्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते, म्हणजे कारखाना थांबला होता आणि मामा चालू राहिले होते. कुठेही जायचं तर ते आधी पोचत. पुण्यात भाचीच्या लग्नाला, म्हणजे आमच्याच लग्नाला, ते आले तेव्हा मांडववाले खांब रोवत होते आणि मामांनी त्यांतले दोन ओळंब्यात नाहीत म्हणून उपटायला लावले. डॉक्टरांकडे गेले तर डॉक्टर अजून सायकलवर असत. विमानतळावर गेले तर फलकावर त्यांच्या विमानाच्या आधीची इतकी विमानं असत की मामी तेवढ्यात डबा उघडून जेवून घेत.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचची. मी नोकरीसाठी नवाच या देशात आलो होतो. आमचं गाव तालुक्याचं, शाळा मराठी, वडील शिवणकाम करायचे, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आइंडहोवनच्या स्टेशनवर मी उतरलो तेव्हा मामा फलाटावर उभे होते, आणि माझ्या आधीच्या दोन गाड्यांमधून मी कसा उतरलो नाही याची चौकशी करत होते. त्यांनी स्वतःचा कोट काढून मला घातला, तो माझ्या गुडघ्याखाली गेला, आणि त्याच कोटात मला थेट खेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवायला नेलं. दुसऱ्या दिवशी सायकल दिली. वळताना हात कसा दाखवायचा ते अंगणात इतक्या वेळा करून घेतलं की पुढे कितीतरी दिवस मी सुपरमार्केटमध्ये ढकलगाडी वळवतानाही हात दाखवत असे. बायको मागाहून आली. तोवर आठवड्यातून दोनदा मामींच्या हातचं जेवून मी परदेशात आहे हे विसरत होतो. या दोघांचं माझ्यावर जे ऋण आहे ते फेडायची मला कधी घाई वाटली नाही, कारण ते डोक्यावर असलेलं बरं वाटतं.

जेवणाच्या टेबलावर मामांच्या हाताशी वाटीबरोबर व्हर्नियर कॅलिपर असे. मामींची पोळी ते त्यात धरत आणि मग खात. "आज कडेला जरा जास्त आहे," असं ते गंभीरपणे सांगत. मामी तव्यावरची पुढची पोळी उलटत म्हणत, "मग मधूनच खा." दुसऱ्याच्या घरी गेले की डुगडुगणारं टेबल ते आधी शोधून काढत आणि यजमान चहा आणेपर्यंत त्याच्या पायाखाली पुठ्ठा सरकवून मोकळे होत. गंजलेल्या नटाशी ते बोलत. बोलत तेही डचमध्ये आणि अगदी हळू, आजारी मुलाशी बोलावं तसं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, इथला नट आहे. त्याला मराठी कळणार कसं?" पण नट अजिबातच हलला नाही की शिव्या मात्र मराठीत देत. तेव्हा त्याला त्या कळत असाव्यात, कारण बहुतेक वेळा तो सुटत असे.

या न थांबण्याचा खरा त्रास मामींना होता. मामा गाडी चालवायला बसले की मुक्काम येईपर्यंत पाय उचलत नसत. मामी खिडकीशी बसत. ट्युलिपची शेतं येत, पवनचक्की येत असे, कुठे पाण्याच्या काठी बदकीण आपली पिल्लं मोजत बसलेली दिसे. मामी म्हणत, "अहो, ते बघा, जरा थांबवा ना." मामा म्हणत, "बघितलं," आणि त्यांनी रस्त्यावरची नजर जराही हलवलेली नसे. तोवर शेत मागे गेलेलं असे. सुट्ट्या निघत त्या दर दोन वर्षांनी पुण्याच्या लग्नामुंजींत संपत. बाकीचा देश मामींनी असा खिडकीतून पाहिला. "मी हा देश मान मागे वळवून पाहिलाय," असं त्या आल्यागेल्याला सांगत. हसून सांगत, म्हणून आम्हीही हसत असू.

निवृत्त झाल्यावर मामांच्या लक्षात आलं की आपल्या आळीतली सगळी माणसं उन्हाळा लागला की गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून निघून जातात आणि आळीत फक्त आपण आणि मांजरं उरतो. त्याच सुमाराला गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या आवारात, खाजकुयलीसारख्या चावऱ्या झुडपांत, त्यांना एक जुनी फायबरग्लासची कॅरॅव्हॅन दिसली. अंड्यासारखी गोल आणि लहानशी. कधीकाळी साईच्या रंगाची असावी. आता तिच्यावर शेवाळ होतं आणि आत कोंबड्या राहत होत्या. शेतकरी लाल गालांचा, फार कमी बोलणारा गृहस्थ होता. मामांनी त्याच्या कोठाराचा कुरकुरणारा मोठा दरवाजा दुरुस्त करून दिला, तेव्हा त्यानं कॅरॅव्हॅनकडे हात करून "न्या" एवढंच म्हटलं, आणि न्यायला ती हलेना तेव्हा कोठारातली अर्धी जागाही दिली.

मामी ती बघायला एकदाच आल्या. छत्री न मिटता दारात उभ्या राहिल्या. मामांनी त्यांना आतलं छोटं टेबल, ते खाली केलं की होणारा पलंग, स्वैपाकाचा कोपरा, सगळं बाहेरूनच हातवारे करून दाखवलं, कारण आत अजून एक कोंबडी होती. मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी येईन. पण मी म्हणेन तिथे थांबायचं. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी पुण्याला ताईकडे जाते आणि तिथेच राहते. तुम्ही एकटे पोचा सगळीकडे वेळेआधी."

ताईंच्या, म्हणजे मामींच्या थोरल्या बहिणीच्या, घराजवळचा रिकामा फ्लॅट त्यांनी बघूनही ठेवला होता. हे आम्हाला ठाऊक होतं आणि मामांनाही. माझी बायको त्या दिवशी घरी येताना म्हणाली, "मामी बोलली मामाबद्दल, आणि मामानं ऐकलं गाडीबद्दल." ते अगदी खरं होतं. मामांनी ती अट कारखान्यातल्या ऑर्डरसारखी ऐकली. मामी म्हणतील तिथे थांबायचं, म्हणजे ब्रेक. ब्रेक चांगला म्हणजे ॲक्सल सरळ पाहिजे, ॲक्सल सरळ म्हणजे चासी, खालचा लोखंडी सांगाडा, धड पाहिजे. इथून त्यांनी कामाला सुरुवात केली आणि पलंग, पडदे, रंग वगैरे गोष्टींकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आधी कोंबड्या काढल्या. मग चासीला धरून ठेवणारे बोल्ट डचमध्ये आणि मराठीत सोडवले, आणि फायबरचं अख्खं कवच पट्ट्यांनी बांधून कोठाराच्या तुळईला वर टांगलं. ते इतकं हलकं होतं की दार उघडलं की वाऱ्यानं सावकाश फिरायचं. फटींतून ऊन आलं की शेवाळ काढलेला तो साईचा गोळा आतून उजळल्यासारखा दिसे, आणि खाली त्या उजेडात मामा उघड्या चासीवर तारेचा ब्रश फिरवत बसलेले असत. गंजाची तांबूस धूळ हवेत उडून परत खाली यायला विसरत असे. मी शनिवारी सायकलवरून जायचो तो मदतीला, पण कोठारात पाऊल टाकलं की आपण इथे कशाला आलो ते थोडा वेळ आठवायचं नाही. दुपारी मामा शिडी लावून त्या टांगलेल्या कवचात चढत आणि वामकुक्षी घेत. त्यांची न थांबण्याची सवय झोपेतही सुटलेली नव्हती, त्यामुळे कवच आपलं वर हळूहळू डुलत असे. शेतकरी कधी दारात येऊन वर बघे, खाली बघे, आणि "हम्" म्हणून जाई.

चासीचे आडवे दोन दांडे गंजून पापडासारखे झाले होते. ते कापून नवे वेल्डिंग करून बसवले. त्यावर रेड ऑक्साइड, त्यावर काळा रंग. ॲक्सलच्या नळीत रबर असतं, चाकाला बसलेला धक्का ते खाऊन टाकतं. आमचं रबर म्हातारं होऊन लाकूड झालं होतं. मामा नळीला कान लावून ऐकत आणि म्हणत, "काही बोलत नाही ही." मग ॲक्सलच नवा आणायचा ठरला. त्या वर्षी अधिक महिना होता. जावयाला वाण द्यायचं म्हणून मामींनी अनारसे केले, आणि मामांनी त्याबरोबर चांदीच्या निरांजनाऐवजी निळा बॉयलर सूट दिला. ओवाळून झाल्यावर त्यांनी मला तो घालायला लावला आणि म्हणाले, "आता जरा खाली झोपा, जावईबापू. उजवीकडची वायर ओढून धरायचीय." अनारशाचा तुकडा तोंडात असताना चासीखाली झोपलेला जावई आमच्या दोन्ही घराण्यांत दुसरा नसावा.

ब्रेकवर मामांचा जीव जडला होता. अशा गाडीचा ब्रेक पायानं लागत नाही. पुढची मोटार थांबायला लागली की मागची कॅरॅव्हॅन तिला ढकलते, त्या ढकलण्यानं जोडाचा दांडा आत सरकतो, दांडा वायर ओढतो आणि कॅरॅव्हॅनचा स्वतःचा ब्रेक लागतो. मामांनी हे मला इतक्या वेळा समजावलं की शेवटी ते मला नव्हे, स्वतःलाच ऐकवत असावेत. नवे ब्रेक शू, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून दाबून धरणारे अर्धगोल, आले तेव्हा त्यांवरच्या लायनरला, त्या घासणाऱ्या अस्तराला, त्यांनी मला बोट लावू दिलं नाही. तेलाचा किंवा तुपाचा एक ठिपका पडला तर लायनर ते पिऊन टाकतं आणि मग घसरतं. मामा साबणानं हात धुऊन, पुसून, त्या शूंच्या फक्त कडा धरत, आणि दुसऱ्या हातात देताना देवाचा प्रसाद दिल्यासारखे देत.

खंडेनवमी आली. मामा एरवी देवाधर्माचे फारसे नव्हते, पण हत्यारांची पूजा चुकवत नसत. त्या दिवशी कोठारात फळीवर पाने, हातोड्या, कॅलिपर, वेल्डिंगचा मुखवटा, सगळं पुसून मांडलं, आणि शेतकऱ्याच्या बायकोनं बागेतले डेलिया दिले. मामी येणार नाहीत हे धरूनच आम्ही चाललो होतो. पण त्या आल्या. हातात ताट, अंगावर नऊवारी, डोक्यावर लोकरीची टोपी, थंडीला दिलेली एवढीच सूट. त्यांनी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. मग कोपऱ्यात स्वच्छ कागदावर ठेवलेले ते चार अर्धगोल त्यांना दिसले.

"हे काय?"

"ब्रेक," मामा म्हणाले.

"थांबवणारे ते हेच?"

"हेच."

मामी त्यांच्यासमोर जराशा वाकल्या. पाण्याचा गडू घरी राहिला होता, म्हणून त्यांनी समईतल्या तेलात कुंकू कालवलं आणि चारही शूंवर, बरोबर लायनरच्या मधोमध, ठसठशीत बोट ओढलं. नमस्कार केला. मी मामांकडे पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. त्यांचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. मामी ताट घेऊन निघून गेल्यावर मी चिंधी आणि स्पिरिटची बाटली शोधायला लागलो, तर मामा म्हणाले, "राहू दे."

मी म्हणालो, "मामा, अहो तेल आहे."

"वर्षात पहिल्यांदा तिनं गाडीला हात लावलाय. तो पुसू?"

दसऱ्याला त्यांनी ते शू तसेच, कुंकवासकट, ड्रमच्या आत बसवले. मापाच्या पलीकडचं त्यांनी आयुष्यात केलेलं हे बहुधा पहिलं काम.

पुढच्या रविवारी कवच खाली उतरवून चासीवर बसवलं आणि शेतकऱ्याच्या लांब गाडीवाटेवर पहिली फेरी निघाली. मामी पुढे मामांच्या शेजारी, मी आणि बायको मागे. वाट ओली होती. दुतर्फा उकरलेल्या बीटाचे ढीग होते. गाडी छान चालली. मग मामी, मी त्यांच्याकडून कधी न ऐकलेल्या लाजऱ्या आवाजात, म्हणाल्या, "अहो, थांबवा बघू." मामांनी ब्रेक दाबला. मोटार थांबायला लागली, पण मागची कॅरॅव्हॅन काही थांबायला तयार नव्हती. तिनं आम्हाला ढकलत पुढे नेलं, मग स्वतः एका अंगाला वळली, आणि आम्ही सगळे मिळून सावकाश, अगदी नम्रपणे, बीटाच्या ढिगात शिरलो. कुणाला काही लागलं नाही. मामींनी दार उघडलं, चिखलातून पाय उचलत उतरल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. तुम्हाला नाही थांबता यायचं." आणि चालत घरी गेल्या.

मामांना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. हिवाळाभर ते पोळीसुद्धा न मोजता खात. मामी पुण्याला ताईंना फोन लावत, फ्लॅटच्या किल्लीबद्दल बोलत, आणि मामा शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत. मला ते बघवेना. मी बायकोला कुंकवातल्या तेलाचं सांगितलं, आणि तिनं सरळ मामींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी कोठारात मामांच्या हाताखाली होतो. ड्रम उघडलेला होता. मामी आल्या. छत्री त्यांनी दारातच मिटून ठेवली आणि थेट आत येऊन ड्रममध्ये वाकून पाहिलं. लायनरवर त्यांच्या बोटाची काळपट झालेली खूण होती.

"पुसलं का नाहीत?"

"तू लावलं होतंस."

"मग मला सांगायचं तरी. मी तुम्हाला इतकं बोलले."

मामा हातातला पाना पुसत राहिले. तो स्वच्छच होता. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर पुन्हा कशाला हात लावला नसतास."

मामी शेतकऱ्याच्या एका उपड्या खोक्यावर बसल्या. मी बाहेर जावं की काय या विचारात कॅरॅव्हॅनच्या आडोशाला तसाच बसून राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "नवीन आणायला लागतील का?" मामा म्हणाले, लागतील. "आणा मग. आणि आता कुंकू कुठे लावायचं ते तुम्ही सांगायचं." मामांनी हा प्रश्न नेहमीच्या गांभीर्यानं घेतला. चासीभोवती एक फेरी मारली, वाकून खालून पाहिलं, आणि कॅरॅव्हॅनच्या अगदी पुढच्या गोल नाकावर बोट ठेवलं. इथे कितीही लाव, म्हणाले.

वसंतात आम्ही चौघे निघालो. इथल्याच झीलँड प्रांतातल्या समुद्रावर मुक्काम करायचा आणि मला नि बायकोला तिथून आगगाडीत बसवून द्यायचं, असा बेत होता. सकाळी धुकं होतं. पहिल्यांदा मामी थांबवा म्हणाल्या तेव्हा समोर काहीच नव्हतं. एक रस्ता, एक कुंपण, कुंपणाला टेकलेला एक घोडा. गाडी थांबली. मागून कॅरॅव्हॅन हलकेच टेकली आणि तीही थांबली. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले. त्यांच्या पायाची वळवळ आम्हाला मागून दिसत होती. मामींनी घोड्याकडे पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "चला." अशा त्या दिवशी आम्ही कितीदा थांबलो ते आठवत नाही. हळूहळू मामांच्या पायाची वळवळ कमी होत गेली. समुद्रावर त्या दिवशी कुणी पोचलं नाही, आणि मला वाटतं, मामांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच उशिरा जाणं होतं.

पुढे दोन-तीन उन्हाळे ते दोघं असेच फिरले. मग मामींचे गुडघे दुखायला लागले आणि थंडी सोसेना, म्हणून ते दोघं मिळून पुण्याला राहायला गेले. कॅरॅव्हॅन शेतकऱ्याच्या मुलीनं नेली. मी इथेच राहिलो, घर केलं, मुलं झाली. ती मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तरं देतात. त्यांना मी या मामाआजोबांबद्दल सांगायला लागतो तेव्हा व्हर्नियरवर ती हसतात, बीटाच्या ढिगावर तर फारच हसतात, आणि मग मला जे सांगायचं असतं ते सांगता येत नाही.

ते असं की त्या पहिल्या दिवशी दुपारनंतर आम्ही एका बांधाखाली थांबलो होतो. इथे कालव्याचं पाणी शेतांहून उंच असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. समोर हिरवं गवत होतं, गायी होत्या, आणि त्या गवताच्या वर, गायींच्या पाठीमागून, एक जहाज चाललं होतं. पाणी कुठेच दिसत नव्हतं. जहाजावर दोरीला कपडे वाळत होते. मामी म्हणाल्या की असं जहाज त्यांनी गाडीतून पुष्कळदा पाहिलं होतं, पण नेहमी अर्धंच. ते पुढे जातं कुठे, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आम्ही गवतात उतरून बसलो. जहाजाला काही घाई नव्हती. ते पॉपलरच्या एका रांगेमागे गेलं, पुन्हा बाहेर आलं, एका चर्चच्या मनोऱ्याशी जरा वेळ रेंगाळलं, आणि मग धुक्यात त्याचं नाक गेलं, कपडे गेले, शेपूट गेलं. मामी तरीही त्या जागेकडे बघत होत्या. ऊन उतरायला लागलं होतं. आता मामा उठतील आणि किल्ली काढतील म्हणून मी चपला शोधायला लागलो.

मामा उठले नाहीत. मामींच्या बाजूला जरा झुकून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अजून एखादं येईल का गं?"

मामींनी शाल अर्धी उलगडली आणि त्यांच्या गुडघ्यांवर टाकली.